२८० च्या आत दडवलेली ताकद

१९८९ च्या सुमारास जपानमधल्या मोटार कंपन्यांनी आपसांत एक समजुतीचा ठराव केला. कुठल्याही गाडीची जाहीर ताकद २८० अश्वशक्तीच्या वर न्यायची नाही. कायदा नव्हता, दंड नव्हता. पण जपानमध्ये रस्ते अपघातांत वर्षाला दहा हजारांवर माणसं दगावू लागली होती आणि सरकार डोळे वटारून बसलं होतं. त्याने कायदा करण्याआधी आपणच शहाणपणा दाखवलेला बरा, असा कंपन्यांचा विचार होता. निस्सानची फेअरलेडी झेड या आकड्यापाशी येऊन थांबली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निस्सानचीच स्कायलाइन जीटी-आर विक्रीला आली, तिच्याही माहितीपत्रकात हाच आकडा होता. पुढची पंधरा वर्षं, २००४ पर्यंत, जपानमधल्या ताकदवान गाड्या कागदावर २८० च्या आतच राहिल्या.

गंमत अशी, की या स्कायलाइनचं इंजिन पाचशेच्या पुढची ताकद पेलण्याच्या हेतूने बांधलेलं होतं. कारण तिचा जन्म शर्यतीसाठी झाला होता. टूरिंग कारच्या शर्यतींत तेव्हा ‘ग्रुप ए’ नावाचे नियम चालत. जी गाडी शर्यतीत उतरवायची, ती आधी वर्षभरात निदान ५,००० नग तयार करून बाजारात आणायची. इंजिनाचा ब्लॉक आणि हेड रस्त्यावरच्या गाडीचंच राहणार. टर्बो असेल तर इंजिनाची क्षमता १.७ ने गुणायची आणि येणाऱ्या आकड्यावरून गाडीचं किमान वजन आणि टायरची कमाल रुंदी ठरणार. निस्सानचे मुख्य अभियंता नागानोरी इतो यांच्या चमूने हे गणित उत्तराकडून प्रश्नाकडे सोडवलं. २,५६८ घनसेंटिमीटर गुणिले १.७ म्हणजे ४,३६६. साडेचार हजारांच्या गटात गाडी नेमकी बसते, आणि चारही चाकांना ताकद देणाऱ्या यंत्रणेचं वजन तिथे खपून जातं. आधी शर्यतीचं इंजिन ठरलं, मग रस्त्यावरच्या गाडीसाठी त्याचा गळा आवळला गेला. १९९० ते १९९३ या काळात जपानच्या टूरिंग कार स्पर्धेतल्या २९ पैकी २९ शर्यती या गाडीने जिंकल्या. ऑस्ट्रेलियात बाथर्स्टची हजार किलोमीटरची शर्यत १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ दोनदा मारली. ‘गॉडझिला’ हे तिचं टोपणनाव ऑस्ट्रेलियन पत्रकारांनीच ठेवलं.

म्हणून या इंजिनाची ताकद कशी वाढवतात हे समजून घेणं बोधप्रद आहे. इथे पहिली शे-सव्वाशे अश्वशक्ती नुसती मोकळी करायची असते. त्यापुढची मात्र विकत घ्यावी लागते, आणि तिची किंमत भलत्याच ठिकाणी चुकवावी लागते.

इंजिनाचं नाव आरबी२६डीईटीटी. एका ओळीत सहा सिलिंडर, ८६ मिलिमीटर बोअर, ७३.७ मिलिमीटर स्ट्रोक. बीडाचा जाडजूड ब्लॉक, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचं हेड, दोन कॅमशाफ्ट, चोवीस व्हॉल्व्ह. एका ओळीतल्या सहा सिलिंडरांचा तोल निसर्गतःच साधलेला असतो, त्यामुळे ते मिनिटाला ८,००० फेऱ्यांपर्यंत जातं तेव्हाही थरथर जाणवत नाही. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल आहे. रस्त्यावरच्या गाडीत अशी चैन कुणी करत नाही, पण शर्यतीत हेच थ्रॉटल वापरावे लागणार होते म्हणून ते पहिल्यापासूनच बसवले. पिस्टनच्या खालून तेलाची चिळकांडी मारून तो थंड ठेवणाऱ्या नळ्या आहेत, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या दांड्यांत सोडियम भरलेलं आहे. पुढच्या तीन सिलिंडरांचा धूर एका टर्बोला फिरवतो, मागच्या तिघांचा दुसऱ्याला.

आता ताकद म्हणजे काय, ते एकदा नीट पाहू. इंजिन पेट्रोलवर चालतं असं आपण म्हणतो, पण इंजिनाची मर्यादा पेट्रोलने ठरत नाही. पेट्रोल हवं तेवढं आत फवारता येतं. मर्यादा असते हवेची. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडर एकदा भरतो. २.५७ लिटरचं इंजिन मिनिटाला ७,००० फेऱ्या मारत असेल तर ते मिनिटाला साधारण नऊ हजार लिटर हवा ओढतं. समुद्रसपाटीवर ही हवा पावणेअकरा किलोच्या आसपास भरते. टर्बो याच नऊ हजार लिटरच्या जागेत जास्त वजनाची हवा कोंबतो. वाया जाणाऱ्या धुरावर एक चक्र फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा दाबतं. आल्फ्रेड ब्यूशी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. वातावरणाच्या वर जो दाब टर्बो तयार करतो त्याला बूस्ट म्हणतात. जीटी-आरचा मूळ बूस्ट पाऊण बारच्या आतबाहेर आहे, आणि एक बार म्हणजे जवळपास वातावरणाचाच दाब. म्हणजे सिलिंडरात पावणेदोन पट दाबाने हवा जाते.

मग बूस्ट वाढवला की झालं? जपानी गॅरेजांत पहिली पायरी खरोखर हीच असे, आणि ती हास्यास्पद वाटावी इतकी सोपी होती. टर्बोमधून जास्तीचा धूर बगल देऊन सोडणारी एक झडप असते, वेस्टगेट. बूस्टचाच दाब एका बारीक नळीतून त्या झडपेच्या डबीपर्यंत पोहोचतो आणि ठरावीक दाब झाला की झडप उघडते. या नळीतली थोडी हवा वाटेत सोडून दिली तर डबीला दाब कमी भासतो, झडप उशिरा उघडते, बूस्ट चढतो. निस्सानने किती हवा सुटावी हे ठरवण्यासाठी नळीत बारीक भोक असलेला पितळेचा एक तुकडा बसवला होता. तो काढून नळी परत लावायची, बस्स. बूस्ट एक बारच्या जवळ जातो. त्याच्या जोडीला मोकळा सायलेन्सर आणि चांगला एअर फिल्टर आला की तीनशे तीसच्या पुढे गाडी सहज जाते. पितळेचा तो तुकडा नखाएवढा आहे.

पण इथेच पहिला सापळा आहे. या टर्बोंमधलं धुराच्या बाजूचं चक्र धातूचं नाही, सिरॅमिकचं आहे, सिलिकॉन नायट्राइडचं. निकेलच्या मिश्रधातूच्या निम्म्याहून कमी वजन, त्यामुळे ते चटकन फिरू लागतं आणि एक्सिलरेटर दाबल्यावर थांबावं लागत नाही. रस्त्यासाठी उत्तम. मात्र हे चक्र पोलादी दांड्यावर जोडलेलं असतं. मिनिटाला लाखभर फेऱ्या आणि लालबुंद धूर यांचा मारा वाढला की ते जोडावरून निखळतं किंवा फुटतं. तुकडे बहुतेक वेळा सायलेन्सरच्या दिशेने जातात. त्यातली भुकटी उलटी सिलिंडरात ओढली जाऊन भिंतींवर ओरखडे पडल्याचेही अनुभव ट्यूनर, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवून देणारे कारागीर, सांगतात. एक बार ही या चक्रांची लक्ष्मणरेषा मानली जाते. खुद्द निस्सानला हे ठाऊक होतं याचा पुरावाही आहे. १९९० साली शर्यतीच्या मान्यतेसाठी निस्मो या आपल्या शर्यत विभागाच्या नावाने ज्या ५६० खास जीटी-आर काढल्या, त्यांच्यात सिरॅमिक काढून धातूची चक्रं बसवली होती. मूळ टर्बो ठेवून एक बारच्या वर बूस्ट नेणाऱ्याला मी धाडसी म्हणणार नाही. त्याने गाडीच्या निर्मात्यांनीच दिलेली सूचना वाचलेली नाही, एवढंच.

समजा धातूच्या चक्रांचे, थोडे मोठे दोन टर्बो आणले. आता सव्वा बार बूस्ट चालेल. तरी नुसता बूस्ट वाढवून पुढे जाता येत नाही, कारण दाबलेली हवा तापते. सायकलच्या पंपाचं नळकांडं हवा भरताना हाताला गरम लागतं, तोच हा प्रकार. बाहेर ३० अंश असताना पाऊण बारच्या बूस्टला टर्बोतून बाहेर पडणारी हवा गणिताने शंभर अंशांच्या घरात जाते. सव्वा बारला १४० च्या आसपास. तापलेली हवा प्रसरण पावते, म्हणजे जेवढी कोंबली असं वाटतं तेवढी प्रत्यक्षात बसत नाही. त्यासाठी इंटरकूलर. तो पुढच्या बंपरमागे बसतो, रेडिएटरसारखा, फक्त त्यातून पाण्याऐवजी हवा वाहते. जीटी-आरचा मूळ इंटरकूलर त्या काळाच्या मानाने चांगलाच मोठा आहे आणि चारशेच्या आसपासपर्यंत तो बदलायची गरज नसते. तरीही बहुतेक हौशी लोक सगळ्यात आधी तोच बदलतात, कारण तो समोरून दिसतो!

उष्णतेचा खरा फटका सिलिंडरात बसतो. स्पार्क पडला की आग प्लगपासून कडेकडे पसरत जाते. ती पोहोचायच्या आधी कोपऱ्यातलं मिश्रण इतकं दाबलं आणि तापलं जातं, की ते आपोआप, एकदम पेटतं. यालाच नॉकिंग म्हणतात. आपल्याकडे जुन्या गाडीत चढावर ‘इंजिन टकटक करतंय’ असं मेकॅनिक म्हणतो ते हेच. साध्या गाडीत ते नुसतं त्रासदायक असतं. टर्बोच्या इंजिनात पूर्ण बूस्टवर मात्र ते काही क्षणांत पिस्टन खाऊन टाकतं. त्या दाबाच्या लाटा पिस्टनवरचा हवेचा पातळ थंड थर ओरबाडून काढतात, मग अ‍ॅल्युमिनियम थेट आगीला उघडं पडतं. रिंगांच्या मधली कड तुटते, नाहीतर माथ्याला भोक पडतं.

नॉकिंग टाळायचे मार्ग ठरलेले आहेत, आणि प्रत्येकाला किंमत आहे. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घ्यावं. जपानमध्ये ‘हाय-ऑक’ म्हणून मिळणारं पेट्रोल ९८ ते १०० ऑक्टेनचं असतं आणि त्या भरवशावरच हे इंजिन जुळवलेलं होतं. स्पार्क थोडा उशिरा टाकावा, पण मग आग उशिरापर्यंत जळत राहते आणि धूर आणखी तापून टर्बोवर जातो, म्हणजे पिस्टन वाचवताना टर्बोची चक्रं धोक्यात. पेट्रोल गरजेपेक्षा जास्त सोडावं. पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या १४.७ पट वजनाची हवा लागते, पण पूर्ण बूस्टवर ट्यूनर हे प्रमाण साडेअकरा-बारावर आणतात. जास्तीचं पेट्रोल जळत नाही. ते वाफ होताना आतली उष्णता शोषून घेतं. गाडी पेट्रोल पिते अशी तक्रार करणाऱ्याने हे लक्षात घ्यावं, की त्यातलं काही पेट्रोल पिस्टनवर पाणी मारण्याच्या कामी खर्च होतंय.

म्हणजे इंधनाची सोय हवेच्या आधी लावावी लागते. मूळ इंजेक्टर मिनिटाला ४४४ घनसेंटिमीटर पेट्रोल सोडतात. सहांचे मिळून तासाला १६० लिटर, वजनाने सुमारे ११८ किलो. इंजेक्टर सतत उघडा ठेवता येत नाही, ऐंशी टक्के वेळ उघडा राहिला तर तो सुरक्षित. म्हणजे ९५ किलो. पूर्ण बूस्टवर एका अश्वशक्तीला तासाला पाव किलोहून थोडं जास्त पेट्रोल लागतं. भागाकार केला की साडेतीनशे ते पावणेचारशेच्या मध्ये उत्तर येतं. इंजेक्टरची हद्द तिथे संपते. वर्षानुवर्षं जुन्या पंपावर चालणाऱ्या गाडीत ती त्याहून आधीच येते, कारण पंपाचा दाब पडलेला असतो. आधी बूस्ट वाढवून पंप-इंजेक्टर ‘पुढच्या महिन्यात’ बसवू म्हणणाऱ्यांच्या इंजिनांचे सांगाडे जगभरच्या गॅरेजांत पडून आहेत.

हवा किती येतेय हे संगणकाला सांगणारे दोन एअरफ्लो मीटर आहेत. एक तापलेली तार, तिच्यावरून हवा गेली की ती गार होते, तिला पुन्हा तापवायला किती वीज लागली त्यावरून हवेचं वजन कळतं. फार देखणी युक्ती. पण ६५ मिलिमीटरच्या या मीटरांतून एका हद्दीपलीकडे हवा वाहू लागली की त्यांचा काटा वरच्या टोकाला जाऊन बसतो. त्यानंतर आणखी हवा आली तरी संगणकाला ती दिसत नाही आणि तो जुन्याच मापाने पेट्रोल सोडतो. म्हणून जपानी ट्यूनर सर्रास फेअरलेडी झेडचे ८० मिलिमीटरचे मीटर आणून बसवत. आजकाल मीटर काढूनच टाकतात आणि इनटेकमधला दाब व तापमान मोजून हिशेब करणारा नवा संगणक लावतात. त्या काळच्या संगणकात मात्र सगळं शहाणपण एका चिपमध्ये असे. स्पार्क केव्हा आणि पेट्रोल किती, याचे तक्ते. चिप उपटून, तक्ते बदलून परत बसवणं हा जपानी गॅरेजांचा हातखंडा. ताशी १८० किलोमीटरला गाडी रोखणारी मर्यादाही त्या चिपमध्येच होती. ती आधी जाई, हे सांगायला नकोच.

या इंजिनाचं खरं दुखणं मात्र हवेत नाही, तेलात आहे. आणि इथे जरा थांबायला हवं, कारण ताकद वाढवण्याच्या बहुतेक चर्चांत तेलाचं नाव शेवटी येतं.

ऑइल पंप क्रँकच्या पुढच्या टोकावर बसतो. क्रँकच्या नाकाडावर दोन सपाट बाजू कोरलेल्या आहेत आणि पंपाचा आतला गिअर त्या सपाट बाजूंवर अडकून फिरतो. आर३२ म्हणजे जीटी-आरची हीच पिढी; तिच्या सुरुवातीच्या गाड्यांत ही पकड फारच अरुंद होती, गिअरच्या रुंदीचा थोडाच भाग क्रँकला टेकलेला असे. साध्या वापरात काही बिघडत नाही. पण इंजिन ८,००० पर्यंत खेचलं, वर जाऊन मर्यादेवर आपटलं, की क्रँकला क्षणाक्षणाला उलटसुलट झटके बसतात आणि तेवढ्याशा पकडीवर सगळे झटके येतात. गिअर ठिसूळ असतो. तो तडकतो. तेलाचा दाब शून्यावर येतो आणि पाठोपाठ बेअरिंग जातात. निस्सानने पुढे ही पकड रुंद केली. जुन्या क्रँकवर पोलादी कडं ठोकून बसवायचं, पंपाचे गिअर अखंड पोलादातून कापलेले घ्यायचे, हा आता ठरलेला इलाज आहे. ‘इंजिन उघडलंच आहे तर हे करून घ्या’ असं कुणी सुचवलं तर पैशांकडे पाहू नये.

दुसरी अडचण उलट्या दिशेची. पंप वर हेडला तेल भरपूर पाठवतो, पण ते परत खाली यायला वाटा अपुऱ्या. जास्त फेऱ्यांवर सतत राहिलं, शर्यतीच्या ट्रॅकवर जसं होतं तसं, की तेल वर साचून राहतं आणि खालचं चेंबर रिकामं होऊ लागतं. लांबलचक वळणावर उरलंसुरलं तेल एका कडेला पळतं आणि पंप हवा ओढतो. म्हणून वर जाणाऱ्या तेलाच्या वाटेत बारीक भोकाचे अडथळे बसवतात. हेडच्या मागून एक जाड नळी काढून थेट चेंबरमध्ये सोडतात, आणि चेंबर मोठं करून त्यात तेल अडवणारे पडदे लावतात. यातल्या एकाही कामाने अर्धी अश्वशक्तीसुद्धा वाढत नाही. त्यामुळे मित्रांना सांगण्यासारखं त्यात काही नसतं. पण पाचशेच्या पुढे जाऊन टिकलेल्या इंजिनांत आणि फुटलेल्या इंजिनांत बऱ्याचदा एवढाच फरक निघतो.

खालचं इंजिन, आपल्या गॅरेजांच्या भाषेत हाफ इंजिन, किती सोसतं? यात दोन वेगळे ताण आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. बूस्ट वाढला की पिस्टनवरचा दाब वाढतो, तो कनेक्टिंग रॉडला दाबतो. फेऱ्या वाढल्या की मात्र रॉड ताणला जातो. पिस्टन वर जाऊन थांबतो आणि परत खाली ओढला जातो, त्या क्षणी. ८,००० फेऱ्यांवर हा झटका गुरुत्वाकर्षणाच्या तीन हजार पटींहून मोठा असतो. पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून अर्धा किलो धरलं तर रॉडला दीड टनाहून जास्त ओढ, मिनिटाला हजारो वेळा. शिवाय ही ओढ फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढते. ८,००० वरून ९,००० वर जाणं ऐकायला आठव्या हिश्श्याची वाढ, प्रत्यक्षात ताण २७ टक्क्यांनी चढतो. बूस्टने मिळवलेली ताकद म्हणूनच फेऱ्यांनी मिळवलेल्या ताकदीपेक्षा रॉडना कमी जाचक ठरते, अर्थात नॉकिंग आवरलेलं असेल तर. मूळ क्रँक आणि रॉड नीट जुळवलेल्या इंजिनात साडेचारशे-पाचशेपर्यंत साथ देतात असा ट्यूनरांचा सर्वसाधारण अनुभव आहे. तिथून पुढे फोर्ज्ड पिस्टन, जाड रॉड, धातूचं हेड गॅस्केट, हेड आवळणारे मजबूत स्टड. आणखी पुढे एचकेएससारख्या जपानी कंपन्यांचा ७७.७ मिलिमीटर स्ट्रोकचा क्रँक आणि ८७ मिलिमीटरचे पिस्टन. यांनी इंजिन २.८ लिटरचं होतं. हजार अश्वशक्तीची जी इंजिनं मासिकांच्या मुखपृष्ठांवर दिसतात ती या वाटेची. त्यांत निस्सानचं म्हणावं असं फारसं काही उरलेलं नसतं, बऱ्याचदा ब्लॉकही जाड भिंतींचा शर्यतीचा असतो.

टर्बो दोन छोटे ठेवावेत की एकच मोठा बसवावा, यावर जीटी-आरवाले रात्रभर भांडू शकतात. मोठ्या टर्बोला फिरायला धूर जास्त लागतो, त्यामुळे साडेचार-पाच हजार फेऱ्यांखाली गाडी निपचित वाटते आणि त्यानंतर एकदम पाठीत गुद्दा बसतो. त्या गुद्द्याचीच अनेकांना नशा असते. माझ्या मते रस्त्यावर तो पिकअप कामाचा नाही. वळणातून बाहेर पडताना एक्सिलरेटर दाबल्यावर ताकद नक्की कधी येणार हे चालकाला आधीच कळलं पाहिजे. जास्तीत जास्त ताकदीचा आकडा डायनोच्या, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या, कागदावर एका बिंदूला असतो. गाडी चालवताना आपण बहुतेक वेळ त्या बिंदूच्या बरेच खाली असतो.

इंजिनाबाहेरचं थोडक्यात. सर्वात आधी क्लच घसरू लागतो. मग पाच गिअरच्या पेटीतले सिंक्रो कुरकुरतात. चार चाकांची यंत्रणा एरवी मागच्या चाकांनाच ताकद देते आणि घसरण दिसली की पुढे निम्म्यापर्यंत पाठवते, तिला वाढीव ताकद बऱ्यापैकी झेपते. ब्रेकना झेपत नाही. मूळ ब्रेकवर चारशेची गाडी ट्रॅकवर नेणं मला पटत नाही.

असं सगळं पाहिल्यावर कामाचा क्रम उघड होतो. आधी तपासणी: सहाही सिलिंडरांचं कम्प्रेशन, तेलाचा दाब, नळ्यांची गळती. पस्तीस वर्षांच्या गाडीत रबराची प्रत्येक नळी संशयित. मग तेलाची कामं. मग पंप-इंजेक्टर, मग मीटर आणि संगणक, त्यानंतर धातूच्या चक्रांचे टर्बो. बूस्ट सर्वांत शेवटी, तोही डायनोवर, नॉकिंगवर कान ठेवून, थोडा थोडा. हौशी माणूस हा क्रम बरोबर उलटा लावतो, कारण बूस्ट वाढवायला दहा मिनिटं लागतात आणि तेलाच्या कामाला इंजिन उतरवावं लागतं. आकडा विचाराल तर चारशे ते साडेचारशे. तिथे हे इंजिन आपल्या मूळ स्वभावात राहतं, लवकर जागं होतं, आणि मोठ्या सहलीला न्यायची भीती वाटत नाही. त्यापुढचं सगळं शर्यतीसाठी नाहीतर फुशारकीसाठी.

आणि आता एक नवीच अडचण आहे, किमतीची. अमेरिकेत पंचवीस वर्षं जुनी झालेली परदेशी गाडी आयात करता येते. आर३२ चा पहिला जथ्था २०१४ साली त्या वयाला पोहोचला आणि जपानमधून गाड्या झपाट्याने बाहेर गेल्या. एके काळी गल्लीबोळातल्या गॅरेजांत कापाकापी होणारी ही गाडी संग्राह्य वस्तू झाली. २०१७ मध्ये निस्सानने निस्मोच्या मार्फत तिचे बंद झालेले सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले. आज मूळ अवस्थेतली, कुणी हात न लावलेली गाडी वाढीव ताकदीच्या गाडीपेक्षा सहसा महाग जाते. म्हणून शहाणे मालक काढलेला प्रत्येक मूळ भाग, तो पितळेचा तुकडासुद्धा, पिशवीत घालून जपून ठेवतात.

तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी साधारणपणे भारतात आणता येत नाही, त्यामुळे ही गाडी आपल्या रस्त्यांवर दिसायची शक्यता जवळजवळ नाही. पण टर्बो पेट्रोल इंजिन आता महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांच्या दारात उभं आहे. एक-सव्वा लिटरच्या या छोट्या इंजिनांची ‘रिमॅप’ करून देणारी दुकानं पुण्या-मुंबईत सापडतात. लॅपटॉप जोडायचा, तक्ते बदलायचे, अर्ध्या तासात ताकद वाढली. तत्त्व जीटी-आरचंच आहे. मात्र ही इंजिनं कुणी शर्यतीसाठी बांधलेली नाहीत, त्यांच्यात दडवून ठेवलेली ताकद फार थोडी आहे. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा आणि नोंदणीतल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं आहे. वॉरंटी जाते ती वेगळीच, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला कारण मिळतं.

तरीही कुणाला मोह आवरतच नसेल, तर किती अश्वशक्ती वाढेल हे दुकानदाराला विचारूच नका. पूर्ण बूस्टवर हवा-पेट्रोलचं प्रमाण किती ठेवणार, नॉकिंग कशावर मोजणार आणि कुठल्या ऑक्टेनच्या पेट्रोलवर जुळवणार, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर देताना तो अडखळला, तर चावी खिशात घाला आणि घरी या.